नमुन्यात नसलेली माणसं

आलेल्या पत्राला उत्तर दिलं नाही, असं माझ्या हातून आयुष्यात एकदाच घडलं. दुसऱ्याच कुणा चांदूरकरांचं पत्र चुकून आमच्या पेटीत पडलं होतं, त्यालाही मी 'आपले पत्र चुकीच्या पत्त्यावर आले, क्षमस्व' असं कळवलं होतं. जणू चूक माझीच. पण वैजयंती भोयर या मुलीचं पत्र माझ्याकडे तीन वर्षं पडून राहिलं. आधी टेबलावर, मग खणात, मग पुस्तकात खूण म्हणून. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जाई. त्या तीन वर्षांत माझं वाचन बरंच झालं.

पत्र दीड पानाचं, आखलेल्या वहीच्या कागदावर होतं.

'माननीय चांदूरकर सर, माझे बाबा बापूराव भोयर गावचे कोतवाल होते. तीस वर्षे त्यांनी सरकारची दवंडी दिली. निवृत्तीनंतर, कॉलेजच्या मुलींसाठी आमच्या फाट्यावर बस थांबावी म्हणून निवेदन घेऊन ते अधिवेशनाला गेले. दारावर तुमच्या यंत्राने तांबडा दिवा दाखवला. त्यांच्याजवळ निवेदनाशिवाय काही सापडले नाही. तरी एक दिवस कोंडले आणि त्यांच्या नावाने तांबडी नोंद झाली. तेव्हापासून कोणत्याही आमदाराच्या पाचशे मीटरच्या आत त्यांना थांबता येत नाही. मागच्या वैशाखात माझे लग्न झाले. आमदारसाहेब गावातल्या सगळ्याच लग्नांना येतात, तसे माझ्याही आले. बाबांच्या फोनची शिट्टी वाजली आणि त्यांना मांडवातून उठून शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या पलीकडे जाऊन उभे राहावे लागले. कन्यादान काकांनी केले. साहेबांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हते. ते आग्रहाने जेवायलाही थांबले.

माझे दोन प्रश्न आहेत. यंत्राला बाबांमध्ये काय दिसले? आणि तुम्ही त्यांना पाहिले असते, तर तुम्हाला काय दिसले असते?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. म्हणूनच मी ते दिलं नाही.

*

'सावध' हे यंत्र माझ्या एकट्याचं नव्हे. मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर. इंजिनिअरांनी यंत्र बांधलं आणि त्यानं कुणाला संशयित म्हणायचं याची सीमारेषा मी आखून दिली. पण भिंत कुणीही बांधो, रेघ मारणाऱ्याला ती कुठे उभी आहे हे माहीत असतं.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. दाराच्या चौकटीतून मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओलहरी सुटतात, माणसाच्या छातीवर आपटतात आणि परत येतात. श्वास घेताना छाती पाच-सहा मिलिमीटर हलते. हृदयाच्या ठोक्यानं ती हलते अर्धा मिलिमीटरही नाही, पण तेवढंही या लहरींना पुरतं. मधे शाल असो, स्वेटर असो, पंधरा मीटर अंतर असो. फरशीखालचे दाबमापक सांगतात की माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे. मनातलं काही यंत्राला कळत नाही. ते फक्त तुलना करतं: हा माणूस निवांत माणसांसारखा आहे, की हल्ला करायला निघालेल्यासारखा?

तुलनेला दोन्ही प्रकारचे नमुने लागतात. हल्लेखोरांचा नमुना प्रशिक्षण केंद्रातल्या नव्या शिपायांनी दिला. पांढरे कपडे घातलेल्या पुतळ्याकडे चालत जायचं आणि शेवटच्या चार पावलांत खिशातून लाकडी सुरी काढायची. दोनशे शिपायांनी ते इतकं मनापासून केलं की पुतळे बदलावे लागले. निवांत माणसांचा नमुना आम्ही आमच्या शहरातल्या विधानभवनाच्या दारात घेतला, आणि घोटाळा तिथेच झाला.

आमच्याकडे अधिवेशन भरतं हिवाळ्यात, काही आठवडे. बाकीचं वर्ष ती इमारत झोपलेली असते. यंत्र डिसेंबरच्या आत तयार हवं, म्हणून नमुने घेतले मे महिन्यात. त्या दारातून तेव्हा कोण जात होतं? कारकून, माळी, रंगारी, पंखे दुरुस्त करणारे, आणि सुट्टीत इमारत दाखवायला आणलेली मुलं. अकराशे माणसं, अगदी निवांत. त्यांत निवेदन घेऊन आलेला एकही माणूस नव्हता. रिकाम्या इमारतीला कोण निवेदन देईल?

हे माझ्या लक्षात आलं होतं. अहवालाच्या एकेचाळीसाव्या पानावर मी तळटीप घातली: 'नमुन्यात निवेदनकर्ते नाहीत, त्यामुळे कदाचित त्यांच्याबाबत यंत्र चुकू शकेल.' सचिवांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "सर, हे कदाचित आहे की नक्की आहे?"

मी म्हणालो, "नक्की कसं सांगणार? त्यांची मोजणीच नाही."

"मग अहवालात नक्की तेवढंच ठेवू या."

ती तळटीप मी माझ्या हातानं खोडली. कुणी जबरदस्ती केली नाही. मला आयुष्यभर सवय आहे, माझ्या वाक्याबद्दल कुणी शंका घेतली की ते वाक्य मला आधीपासूनच चुकीचं वाटत होतं असं वाटू लागतं. त्या पानाची खोडलेली मूळ प्रत मात्र मी घरी ठेवली. का ठेवली, तेही मला नीट सांगता येणार नाही.

*

शर्वरी खोब्रागडे माझी विद्यार्थिनी. आता विधिमंडळ सुरक्षा दलाची अधीक्षक. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुपारी घरी आली, बूट दारात काढले, आणि कॉलेजात असताना बसायची तशी पुस्तकांचा ढीग बाजूला सारून वेताच्या मोड्यावर बसली.

"सर, दुरुस्ती विधेयक येतंय. संयुक्त समितीला तज्ज्ञाची साक्ष हवी आहे. तुमचं नाव मीच दिलं."

"माझं कशाला?"

"कारण तुम्ही खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

दुरुस्ती काय आहे ते तिनं सांगितलं. आजवर 'सावध' फक्त विधानभवनात होतं. आता ते प्रत्येक आमदाराच्या संपर्क कार्यालयात, प्रत्येक तालुक्यात बसणार. वॉरंटशिवाय चोवीस तास अडकवण्याचा अधिकार तिथेही मिळणार. आणि पाच वर्षांनी पुसली जाणारी तांबडी नोंद आता कायमची होणार. ज्यांची नोंद आधीच आहे, त्यांना फेरविचार मंडळाकडे दाद मागायची मुदत एकतीस डिसेंबर.

"दाद मागायला काय लागतं?"

"यंत्र चुकलं याचा तांत्रिक पुरावा. मूळ सहीच्या कागदावर."

"तो गावाकडचा माणूस कुठून आणेल?"

ती म्हणाली, "सर, दिगंबरला तुम्ही ओळखत नव्हतात. आमची एकच बॅच. साहेबांना हार घालायला आलेल्या माणसाच्या हारात सुरी होती. दिगंबर मधे गेला. त्याच्या बायकोला फोन मी केला होता. 'सावध' आल्यापासून तसा फोन मला करावा लागलेला नाही."

माझ्या शंकांसमोर कुणी मेलेला माणूस आणून उभा केला की त्या शंका मला फार क्षुद्र वाटतात. तरी मी विचारलं, "सहा वर्षांत तांबडे दिवे किती लागले?"

"चार हजार तीनशेच्या वर."

"हत्यार किती जणांकडे सापडलं?"

"दोघांकडे. पण ते दोघे सर, ते दोघे..."

"आणि कागद किती जणांकडे सापडला?"

"कसला कागद?"

"निवेदन. अर्ज."

"ते आम्ही नोंदवत नाही. नोंदवहीत हत्याराचा रकाना आहे, कागदाचा नाही." मग ती हसली. "वर्गात तुम्ही असंच फळ्याकडे ओढून न्यायचात."

"दिवा चुकीचा वाटला तर अधिकाऱ्याला माणूस सोडता येतो ना? ती हिरवी किल्ली?"

"येतो. कारण लिहून, स्वतःची सही करून. आजवर एकदाही कुणी केली नाही." ती उठली. "सही माझी राहते, सर. उद्या काही झालं तर यंत्राला कुणी विचारत नाही."

दारात बूट घालताना ती म्हणाली, "बावीस तारखेला, अकरा वाजता. दोन वाक्यं बोला, पुरे. यंत्र विश्वासार्ह आहे, एवढंच."

मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, मलाही कळलं नाही. त्यानंतरचे नऊ दिवस मी एका जागी बसलो नाही. पुस्तक उघडावं तर वैजयंतीचं पत्र समोर येई.

*

बावीस तारखेला मी एकेचाळीसावं पान लिफाफ्यात घातलं, लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि घरून चालत निघालो. बोलायचं वाक्य ठरलेलं होतं. 'माझ्या अहवालात कदाचित एक त्रुटी राहून गेली असावी.' वाटभर तेच घोकत होतो. रांगेतही तेच. आत समितीचे अध्यक्ष जिना चढताना दिसले. आता हे वाक्य यांच्यासमोर बोलायचं, असं मनात आलं. हात नकळत खिशाकडे गेला. एक पाऊल पुढे पडलं.

दिवा तांबडा झाला.

मला आधी वाटलं, मागच्या माणसाचा असेल. मी वळूनही पाहिलं. मग दोन शिपाई दोन्ही बाजूंना आले, त्यांनी माझे हात धरले, तेही अगदी अदबीनं. खिशातला लिफाफा निघाला, चष्म्याचं घर निघालं, वाचनालयाचं कार्ड निघालं.

शर्वरी धावत आली. "अरे, सर आहेत ते! यंत्र बनवणाऱ्यांपैकी आहेत!"

"मॅडम, दिवा लागलाय," शिपाई म्हणाला. त्याचंही चुकीचं नव्हतं.

शर्वरीनं कंबरेची किल्ली काढली. हिरवी. मला लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं. फक्त तिनं ती किल्ली फिरवावी आणि मला या सगळ्यांच्या नजरेतून सोडवावं.

बाजूच्या जाळीआडून एका बाईचा आवाज आला. "हो, सोडा न बाप्पा. कोटवाल्याले सोडा. आमी इथं भजन करतो."

जाळीच्या खोलीत दहा-बारा माणसं बाकांवर बसली होती. बोलली ती साठीची बाई, हिरवं लुगडं, हातात गुंडाळलेला कागद.

शर्वरीनं किल्ली यंत्राकडे नेली. मी म्हणालो, "थांब."

"सर, अकराला पाच कमी आहेत."

"मला सोडलंस तर कारण काय लिहिशील?"

"तुम्ही ओळखीचे आहात म्हणून."

"मग नको."

"सर, नोंद पडेल तुमच्यावर! कळतंय का तुम्हाला?"

कळत नव्हतं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की जाळीचं दार उघडं आहे. मी आत गेलो.

*

"या जी, बसा," हिरव्या लुगड्याच्या बाईनं जागा करून दिली. तिचं नाव अनसूयाबाई. अंगणवाडीत मदतनीस. "तुमाले वाईट वाटलं असंन मी बोलली म्हणून. पण तोंडातून निघून गेलं."

"नाही, नाही. बरोबरच होतं."

"तुमच्यापाशी काय सापडलं?"

"एक कागद."

खोलीत हशा पिकला. "इथं सगळ्यायपाशी थेच सापडते," कोपऱ्यातला एक कंडक्टर म्हणाला.

मी त्यांना विचारलं, दिवा लागण्याच्या नेमक्या आधी तुम्ही काय करत होता? आधी कुणी नीट सांगेना. मग अनसूयाबाईंनीच सुरुवात केली. "मी मनात बोलून पाहत होती. 'साहेब, नमस्ते, अंगणवाडीचं छप्पर गळते.' तीन दिवस घोकलं. साहेब दिसले न मी श्वास असा घट्ट धरला. म्हटलं, आता सोडला तर बोलणं इसरून जाईन."

"आणि हात?"

"पिशवीत. कागद काढाले."

कंडक्टरचं तेच. चंद्रपूरकडच्या एका शिक्षकाचं तेच. तो तर सांगतानाही श्वास धरून बसला होता. अकराच्या अकरा जणांचं तेच. मोठ्या माणसासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं म्हटलं की आमच्याकडचा माणूस आधी ते मनात पाठ म्हणतो, श्वास कोंडतो, हात कागदाकडे नेतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. लाकडी सुरी काढायला सांगितलेल्या शिपायानंही नेमकं हेच केलं होतं. सहा वर्षं यंत्र माणसं नीट ओळखत होतं. मीच त्याला त्यांची ओळख चुकीची करून दिली होती.

"आन तुमी काय बोलणार होते?" अनसूयाबाईंनी विचारलं.

मी वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"कदाचित कायले जी? राहिली का नाही राहिली?"

"राहिली."

"मंग राहिली म्हणा न! एवढे शिकलेले माणूस तुमी. माह्या छपराले मी 'कदाचित गळते' म्हटलं तर कोणी पाहाले येईन का?"

अकरा वाजून गेले. साडेअकराला बाहेरच्या पडद्यावर समितीचं कामकाज दिसलं. अध्यक्ष म्हणाले, "तज्ज्ञ साक्षीदार अनुपस्थित," आणि पुढच्या विषयाकडे वळले. संध्याकाळी विधेयक मंजूर झाल्याचं कळलं. तोवर मला एक गोष्ट आठवली होती. नियमावलीत एकच ओळ मी हट्टानं घालून घेतली होती: अडकवलेल्या माणसानं लेखी मागितली तर त्याची स्वतःची मोजणी त्याला द्यावी. ही ओळ कुणी वाचलीच नव्हती, कारण अर्ज कुठे करायचा हे लिहायला मी विसरलो होतो.

सकाळी शर्वरी आली तेव्हा मी तिच्या हातात बारा अर्ज ठेवले. एकाखाली अंगठा होता.

ती उभ्यानं वाचत राहिली. "सहा वर्षांत हा पहिला अर्ज."

"पहिले बारा," मी म्हणालो.

"या प्रतींवर माझी सही लागते, सर."

"माहीत आहे."

अनसूयाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमीबी श्वास धरला आत्ता. पाहा बरं, दिवा लागंन."

शर्वरीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं असावं. तिनं पटकन पाठ फिरवली. तासाभरानं ती परतली तेव्हा तिच्या हातात बारा कागद होते. प्रत्येकाखाली तिची पूर्ण सही, हुद्द्यासह. "दिगंबर असता तर त्यानं केली असती का, तेवढाच विचार करत होते," ती म्हणाली. उत्तर काय मिळालं ते तिनं सांगितलं नाही.

मग तिनं नियमाप्रमाणे माझ्या फोनमध्ये शिट्टीचं यंत्र घातलं. "आमदार पाचशे मीटरच्या आत आले की वाजेल. दोन मिनिटांत लांब जायचं. तीन वेळा चुकलं तर तीस दिवस कोठडी. सर, अधिवेशन संपेपर्यंत घरीच राहा. प्लीज."

*

बाकीच्यांनी आपापले कागद माझ्याच हवाली केले होते. घरी आल्यावर ते बारा कागद मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. उजेडात बारा रेघा एक झाल्या. सरळ चालणारा श्वास, मग चार सेकंदांची सपाट रेघ, मग एकदम चढ. माझी रेघ कुठली आणि अंगठेवाल्याची कुठली, मला सांगता येईना. आता मोजणी होती.

मी वैजयंतीला लिहायला बसलो. तीन दिवस लागले, कारण प्रत्येक ओळीत 'कदाचित' येई आणि मी नवा कागद घेई.

'चि. वैजयंती, तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: यंत्राला तुझ्या बाबांचा कोंडलेला श्वास दिसला. चूक यंत्राची नाही, माझी आहे. मी रिकाम्या इमारतीत नमुने घेतले आणि ते मला ठाऊक असूनही लिहिलेली टीप खोडली. ती टीप सोबत जोडली आहे. बारा जणांच्या मोजण्याही सोबत आहेत. मंडळाला सांग, बापूरावांची मोजणी काढा. त्यात सपाट रेघ असेल, आणि ती आम्हा बारा जणांपेक्षा लांब असेल, सहा सेकंदांच्या वर. दवंडी देणारा माणूस तेवढा श्वास भरतो. मी हे न पाहता लिहीत आहे; खोटे निघाले तर बाकीचेही खोटे समजावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: मी त्यांना पाहिले असते तर मला बोलायला आलेला माणूस दिसला असता. तीन वर्षे हे लिहिले नाही. क्षमा मागावी, असे मनात येते, पण ती तू द्यावीस असे माझ्याकडे काही नाही.'

खाली पूर्ण नाव, सही, तारीख. सव्वीस डिसेंबर. आज पोस्टात पडलं तर मुदतीच्या आत तिच्या हाती पडेल आणि मंडळाकडे जाईल.

आमचं पोस्ट आमदारांच्या संपर्क कार्यालयासमोर आहे. वाचनालयही. म्हणजे दोन्ही आता माझ्यासाठी नव्हती. मी कोपऱ्यावरच्या कलीमभाईंची रिक्षा सांगितली आणि वर्धा नाक्यापलीकडच्या पोस्टात न्या म्हणालो.

"काका, पोस्ट तर इथं पाठीमागं आहे."

मी कारण सांगितलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही? तुम्हाला तर रस्ता क्रॉस करायला पाच मिनिटं लागतात!"

अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या शहरात आमदारांपासून पाचशे मीटर दूर राहणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं. आमदार निवासाचा रस्ता टाळला, तर सावजीच्या खानावळीपाशी शिट्टी वाजली. गल्लीत वळलो, तर समोरून सत्काराची मिरवणूक. सिग्नलवर अडकलो, दोन मिनिटं उलटली, फोनवर अक्षरं आली: 'पहिले उल्लंघन.' कलीमभाईंनी रिक्षा फुटपाथवरून काढली. पुढे हुरडा पार्टीचा फलक पाहून त्यांनी आधीच रिक्षा वळवली, आणि उड्डाणपुलाखाली कुणाची तरी गाडी पंक्चर होऊन उभी होती. 'दुसरे उल्लंघन.'

"काका, पत्र माझ्याकडे द्या. तुम्ही घरी जा, मी टाकतो. माझ्यावर नोंद नाही."

त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. मी लिफाफा पुढे केलाही, आणि मागे घेतला. "तीन वर्षं मीच टाकलेलं नाही, कलीमभाई."

"मग तेच की! आणखी उशीर कशाला?"

"मीच टाकायला हवं."

"बुढ्ढा जिद्दी आहे," ते रिक्षालाच म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

पोस्ट लहान होतं, एका मंगल कार्यालयाला लागून. खिडकीवर माझ्यापुढे तिघे. घड्याळात पावणेपाच; पाचला खिडकी बंद होणार. दोघांची कामं झाली. शेजारी बँड सुरू झाला आणि माझ्या खिशात शिट्टी वाजू लागली. चारशे ऐंशी मीटर. चारशे. तीनशे. आमदार लग्नाला येत होते.

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. त्या नजरा मला पूर्वीसारख्याच बोचल्या. कलीमभाई दारातून खुणावत होते, या, या, नंतर येऊ. नंतर म्हणजे पाचनंतर. पांदणीपलीकडे उभ्या असलेल्या बापूरावांना हा बँड असाच ऐकू आला असेल.

"पुढचे," खिडकीतला माणूस म्हणाला.

माझा श्वास आपोआप कोंडला. मनात वाक्य आलं. मी ते धरून ठेवलं नाही, लगेच बोलून टाकलं. "स्पीड पोस्ट. आत मूळ कागद आहेत. तीस तारखेच्या आत पोचायला हवं."

"तुमचा फोन वाजतोय, काका."

"वाजू द्या."

त्यानं लिफाफा तोलला, पत्ता वाचला, पट्टी चिकटवली. हे सगळं तो फार सावकाश करत होता. फोन थरथरला: 'तिसरे उल्लंघन. जागेवर थांबावे.' शिक्का पडला. पावती खिडकीतून बाहेर आली आणि माझा लिफाफा मागच्या पिशवीत गेला.

मी बाजूला होऊन बाकावर बसलो. कलीमभाई आत आले. "आता?"

"आता थांबायचं. ते येतील. तुम्ही जा."

"बसतो जरा," म्हणत ते शेजारी टेकले. शेजारच्या मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली होती. मी खिशातलं पुस्तक उघडलं. पान लगेच सापडेना, कारण खुणेला ठेवलेलं पत्र आता त्यात नव्हतं. ते उत्तरासोबत परत पाठवलं होतं. शोधून पान काढलं आणि तिथे पावती ठेवली.